वहीतली कोरी ओळ

यंत्र परत घेताना दवाखान्यातल्या मुलीनं ते हातात उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "आजी, बटणाला हे काय लागलंय?"

आईनं वाकून पाहिलं. "पीठ असंल बाळ. शाळूचं."

मुलीनं कापूस स्पिरिटमध्ये भिजवून बटणाच्या कडेनं फिरवला. कापसावर पांढुरकी बारीक रेघ उमटली. तिनं तो कापूस टाकून दिला, यंत्रातलं कार्ड काढून संगणकात घातलं, आईच्या छातीवरच्या चकत्या एकेक करून हलक्या हातानं सोडवल्या. प्रत्येक चकतीखाली कातडीवर लालसर गोल उठला होता. आईनं पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "आता अंघोळ केली तर चालंल का?"

आईला सहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. एक शीर उघडून तिच्यात स्टेंट बसवला, गोळ्या सुरू झाल्या, आणि 'बरी आहे' एवढ्या दोन शब्दांवर आम्ही भावंडं निर्धास्त राहिलो. मी पुण्यात, बहीण नाशकात, आई आणि अण्णा गावी, जुन्या वाड्याच्या माडीवर. गेल्या दिवाळीपासून तिच्या डोळ्यांपुढं मधूनच अंधारी येऊ लागली. क्षणभरच. भिंतीला हात टेकून उभं राहिलं की जायची. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा ईसीजी काढला आणि दोन्ही कागद चांगले निघाले. "पित्त असंल," म्हणून आईनं आलेपाकाची वडी तोंडात टाकली आणि कामाला लागली.

ईसीजीचा कागद खोटं बोलत नाही. पण तो बोलतो किती वेळ? दवाखान्यात आपण पाठीवर पडतो, हातापायांना चिमटे लागतात, छातीवर बटणं बसतात, आणि यंत्र साधारण दहा सेकंदांची नोंद कागदावर उतरवतं. दहा सेकंदांत हृदयाचे बारा-एक ठोके. दिवसभरात हेच हृदय लाखाच्या आसपास ठोके देतं. त्या लाखातले बारा आपण पाहतो, तेही माणूस आडवा, निवांत, पंख्याखाली असताना. शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला सवय आहे, आणि भाताच्या बाबतीत ती बरोबरही आहे, कारण सगळी शितं एकाच आधणात, एकाच आचेवर शिजलेली असतात. दिवसाचे ठोके एका आचेवर नसतात. पहाटेचा वेगळा, जिन्यावरचा वेगळा, भांडणातला वेगळा, झोपेतला आणखी वेगळा.

आमच्या भागात दुखणं हाताबाहेर जातंय असं वाटलं की कुणीतरी म्हणतं, "मिरजेला न्या." सांगली, कोल्हापूर, पलीकडं कर्नाटकाची सीमा, सगळीकडून माणसं मिरजेला येतात. डॉक्टर वॉनलेस यांनी इथं १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, तेव्हापासूनची ही वाट आहे. मिरजेचं दुसरं नाव तंबोऱ्याचं. सतारमेकरांच्या गल्लीत दारांतून भोपळे टांगलेले दिसतात, लाकडाचा आणि लाखेचा वास येतो. विशीत असताना मी एका मित्राबरोबर तंबोरा घ्यायला तिथं गेलो होतो. मित्रानं तारा एकदा छेडल्या आणि मान डोलावली. दुकानातले म्हातारे कारागीर म्हणाले, "एवढ्यानं जवारी कळत नसती. घरी न्या, चार दिवस वाजवा, मग सांगा." आईला घेऊन त्याच गल्लीवरून रिक्षानं जाताना ते आठवलं. आम्हीही यंत्र घरी न्यायलाच चाललो होतो.

त्या यंत्राला सगळे 'होल्टर' म्हणतात. मुलीनं आईच्या छातीवर पाच चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी एका छोट्या डबीत खोचल्या, डबी कापडी पिशवीत घातली आणि पिशवी आईच्या गळ्यात अडकवली. डबी हाताच्या तळव्यात मावेल एवढीच. मग सूचना. उद्या याच वेळेपर्यंत अंघोळ नाही. चकती सुटली तर दाबून बसवायची. चक्कर आली, छातीत धडधडलं, दम लागला, की हे बटण दाबायचं. आणि एक वही मिळाली. कोणत्या वेळी काय केलं ते तिच्यात लिहायचं.

"आणि आजी, आराम करायचा नाही हं. रोज जे जे करता ते सगळं करायचं."

आईनं माझ्याकडं पाहिलं. दवाखान्यातून बाहेर पडताना आराम करा असं तिला आजवर प्रत्येकानं सांगितलेलं. करू नका असं सांगणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. तिचा चेहरा उजळला.

होल्टर हे एका माणसाचं आडनाव आहे. नॉर्मन जेफरीस होल्टर यांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या हेलेना गावातला. ते डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्राचे अभ्यासक होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी नौदलासाठी समुद्राच्या लाटांचा अभ्यास केला, आणि १९४६ मध्ये बिकिनी बेटांपाशी अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा त्या स्फोटांनी उठणाऱ्या लाटा मोजणाऱ्या पथकाचे ते प्रमुख होते. तिथून ते गावी परतले आणि माणसाच्या अंगातल्या लाटांकडं वळले. चालत्याफिरत्या माणसाच्या मेंदूतले विद्युतसंदेश बिनतारी पकडावेत, ही मूळ इच्छा. पण मेंदूचे संदेश फार क्षीण. हृदयाचे त्या मानानं ठळक, म्हणून ते हृदयाकडं आले. महासागरातल्या त्या लाटा मोजल्यावर ज्याला एका माणसाच्या छातीतली मिलिव्होल्टभर लाट मोजावीशी वाटली, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि का कोण जाणे, थोडी मायाही.

त्यांचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं. वजन ८५ पौंड, म्हणजे ३८ किलोच्या पुढं. ते पाठीवर घेऊन होल्टर व्यायामाच्या सायकलवर बसलेले आहेत, असं एक छायाचित्र आहे. पुढं ट्रान्झिस्टर आले, टेप आली, वजन उतरत गेलं, आणि १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ही नवी पद्धत जगापुढं मांडली. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हॉलंडमधल्या लायडन इथं आइन्टहोवेन यांनी हृदयाचा आलेख काढला तेव्हा त्यांचं यंत्र दोन खोल्या व्यापणारं होतं, चालवायला पाच माणसं लागायची, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागायचं. यंत्र रुग्णालयात नेता येईना म्हणून १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर तार टाकून रुग्णाचे ठोके तारेवरून आणवले. आज आपण म्हणतो ती पी, क्यू, आर, एस, टी ही लाटांची नावं त्यांचीच. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांचा रुग्ण जागचा हलू शकत नव्हता. होल्टर यांनी तो हलता केला. माणूस जगत असताना त्याचं हृदय पाहायचं, हा विचार ऐकायला सोपा वाटतो. त्यासाठी कुणालातरी ३८ किलोचं ओझं पाठीवर घ्यावं लागलं होतं.

मला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त आईजवळ होतो. गेल्या वीस वर्षांत दिवसाचे चोवीस तास आईबरोबर मी कधी घालवले, ते आठवून पाहिलं आणि आठवेना. सणाला येतो तेव्हा मित्र असतात, शेत असतं, फोन असतो. त्या दिवशी मात्र यंत्राबरोबर मीही पहाऱ्याला होतो. आई सोप्यात बसून शेंगा फोडत होती. शेजारच्या काकू आल्या, गळ्यातली पिशवी पाहून दचकल्या. "काय नाही, चोवीस तासाची पट्टी लावलीया," आई म्हणाली. काकूंनी त्या पिशवीला लांबूनच नमस्कार केला.

संध्याकाळी तिनं दिवा लावला आणि जपमाळ घेतली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. २००१ मध्ये इटलीतल्या काही डॉक्टरांनी तपासलं होतं की जपमाळेवर ख्रिस्ती प्रार्थना म्हणताना किंवा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि हृदयाच्या ठोक्यांचं चढणं-उतरणं त्या संथ श्वासाशी जुळतं. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही, हेही मला असंच उशिरा समजलं. श्वास आत घेताना ते किंचित लगबग करतं, सोडताना किंचित रेंगाळतं. चांगल्या तबलजीचा ठेका असतो तसं. लय पक्की, पण तिच्यात श्वास. हृदय यंत्रासारखं एकसुरी होऊ लागलं की उलट डॉक्टर काळजीत पडतात.

आपल्या वैद्यांना याची जाण होती असं मला वाटतं. शार्ङ्गधर संहितेत नाडीच्या चाली सांगितल्या आहेत. वाताची सापासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची कावळ्यासारखी, बेडकासारखी, कफाची हंसासारखी, पारव्यासारखी. तीन बोटांखाली साप, बेडूक आणि हंस ओळखणाऱ्या माणसांनी ठोके मोजले नसतील, त्यांची चाल मात्र पाहिली. भाषाही तेच करते. उरात धस्स होतं, छातीत धडकी भरते, जीव खालीवर होतो आणि मग भांड्यात पडतो, काळजाचा ठोका चुकतो. खरं तर काळीज म्हणजे मुळात यकृत. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळतं ते. भाषेनं अवयवाची गल्लत केली असेल, ठोका चुकण्याची केलेली नाही. ठोका खरोखर चुकतो.

रात्री आई दहाला झोपली. डबी उशाशी. मी बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. मध्ये एकदा उठून तिच्या दाराशी उभा राहिलो. डबीवरचा हिरवा ठिपका लुकलुकत होता. यंत्र जागं आहे, म्हणून मी जाऊन झोपलो.

उठलो तेव्हा सात वाजून गेले होते. चहा तयार होता. नऊच्या सुमाराला मी सोप्यात पेपर वाचत बसलो, आई आत भाकरी थापत होती. परातीवर हाताचे थापे पडतात तो आवाज घरभर असतो, आणि म्हणूनच तो ऐकू येत नाही. मध्येच तो थांबला. थांबल्याचं मला आता आठवतं. तेव्हा मी पान उलटलं. पुन्हा थापे सुरू झाले. आईनं हाक मारली नव्हती. पिठाच्या हातानं तिनं फक्त बटण दाबलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. चाळिशीच्या आतबाहेरचा शांत माणूस. चोवीस तासांत ८३,९४० ठोके. सरासरी मिनिटाला ५८. रात्री दोन ते तीनच्या मधे सगळ्यात कमी, ३६. "झोपेत कमी होतातच, पण हे जरा जास्तच कमी." मग त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला. हिरव्या चौकटींवर ठोके ओळीनं चालले होते, एक, दोन, तीन, आणि मग रेघ सपाट झाली. डॉक्टरांनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि ते सावकाश सरकवत नेलं. पुढचा ठोका यायला ४.१ सेकंद लागले होते. वेळ सकाळी ९ वाजून ८ मिनिटं. वहीत आईच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, '९.१० भाकरी. डोळ्यापुढं अंधारी. बटण दाबलं.'

"याच्यासाठीच लावलं होतं," डॉक्टर म्हणाले. अंधारी आणि थांबलेला ठोका एकाच सुमाराला सापडले होते. एकट्या अंधारीला पित्त म्हणता आलं असतं, एकट्या सपाट रेघेला योगायोग. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात महाशिरेच्या तोंडाशी एक इवलासा भाग असतो, साइनस नोड, जिथून प्रत्येक ठोक्याची सुरुवात होते. कीथ आणि फ्लॅक या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी तो १९०७ मध्ये दाखवून दिला. आईचा तो भाग थकला होता. मधूनच पाळी चुकवत होता.

मला वाटलं, झालं. पण डॉक्टरांनी आणखी एक पान उघडलं. "आता हे बघा. पहाटे पाच वीसपासून सहापर्यंत. ठोके १२८. दिवसातले सगळ्यात जास्त. आणि इथं ही रेघ थोडी खाली गेलीय, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय. आजी, छातीत दुखत होतं?"

"नाही."

"दम?"

"नाही."

डॉक्टरांनी वहीचं पान पुढं ओढलं. '१० झोप' आणि त्याखाली '७ चहा'. मधली ओळ कोरी होती.

"पाच-सहाला काय करत होतात?"

"काय नाही."

"झोपला होतात?"

"नाही, उठले हुते. पाणी भरत हुते."

आमच्याकडं चावीचं, म्हणजे नळाचं, पाणी पहाटे सव्वापाचला येतं आणि पाऊण तासात जातं. चावी खाली, अंगणात. स्वयंपाकघर आणि न्हाणी माडीवर. मधे अठरा पायऱ्यांचा लाकडी जिना. डॉक्टरांनी विचारलं, किती? आई म्हणाली, चौदा कळशा. पाहुणे असले की वीस. मी पाहुणा होतो. त्या दिवशी वीस झाल्या होत्या.

एका कळशीत आठ लिटर पाणी. पाच कळशा म्हणजे होल्टर यांच्या पाठीवरच्या ओझ्याहून थोडं जास्तच. माझी आई ४६ किलोची. जगातलं ते पहिलं यंत्र एका धडधाकट माणसानं पाठीवर घेतलं तर त्याचं छायाचित्र निघालं. आईनं त्या पहाटे तेवढं ओझं चार वेळा वर नेलं, आणि मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. पहाटेपासून दुपारपर्यंतच्या वेळात हृदयविकाराचे झटके अधिक येतात, हे डॉक्टर मंडळींना १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. जाग येताना शरीर रक्तदाब चढवतं, नाडी वाढवतं, शिरा आवळतं. नेमक्या त्याच घटकेला आमच्या गावात पाणी येतं.

आईनं काही लपवलं नव्हतं. 'कोणत्या वेळी काय केलं' असं वहीत विचारलं होतं, आणि पाणी भरणं हे तिच्या लेखी 'केलं' या शब्दात बसत नव्हतं. जेवण लिहिलं, चहा लिहिला, जप लिहिला, 'शेंगा फोडल्या' हेही लिहिलं, कारण ते मी पाहत होतो. पाणी भरणं म्हणजे श्वास घेण्यासारखं. श्वास घेतला असं कोण लिहितं?

हृदयरोग्याची अवस्था किती नाजूक आहे हे ठरवायची डॉक्टरांची एक जुनी रीत आहे. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशननं १९२८ मध्ये ती घालून दिली, आणि सगळी उपकरणं येऊनही ती टिकून आहे. तिच्यात चार पायऱ्या आहेत आणि त्या ठरतात रोजच्या कामांवरून. नेहमीची कामं त्रासाविना होतात का, थोड्याशा कामानं दम लागतो का, बसल्या जागीही लागतो का. म्हणून डॉक्टर विचारतात, जिना चढताना थांबावं लागतं का? रात्री उशा किती लागतात? सहा वर्षं दर तपासणीला आईला हे प्रश्न विचारले गेले आणि सहा वर्षं तिनं 'नाही' म्हटलं. ती जिन्याच्या वळणावर थांबते. मी लहानपणापासून पाहतोय. कळशी कठड्यावर टेकवते आणि पदर सारखा करते. तिच्या मते ती पदर सारखा करायला थांबते. माझ्याही मते तसंच होतं.

न दुखता हृदयाला रक्त कमी पडू शकतं, हे मी त्या दिवशी डॉक्टरांकडून ऐकलं. चालत्याफिरत्या माणसांना ही यंत्रं लावल्यावरच ते नीट ध्यानात आलं. कळ येत नाही, घाम येत नाही, माणूस आपलं काम करत राहतो आणि आलेखाची रेघ खाली वाकलेली असते. ज्यांना दुखण्याबद्दल बोलायची सवयच नाही, अशा माणसांच्या वतीनं हे यंत्र बोलतं. पण अर्धंच. १२८ हा आकडा त्यानं दिला, कळशी त्याला दिसली नाही. ती आईच्या तोंडून यायला हवी होती, आणि आईच्या तोंडून ती आली ती डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं म्हणून. चार रुग्ण बाहेर ताटकळत असताना त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग पेन काढून स्वतःच्या हातानं त्या कोऱ्या ओळीत लिहिलं, '५.२० ते ६.०० पाणी भरले, २० कळशा, जिना.'

आता माझ्या भाच्याच्या मनगटावर घड्याळ आहे, ते दिवसरात्र नाडी मोजतं. वाटलं तर ईसीजीही काढतं. छातीत कातडीखाली बसवायचा काडीएवढा रेकॉर्डरही मिळतो, दोन-तीन वर्षं पहारा देतो. हे सगळं चांगलंच आहे, आणि यातल्या काहींनी कुणाकुणाचे जीव वाचवले असतील. तरी मला भीती एवढीच वाटते की आकडा आला की आपण विचारायचं थांबू. सकाळी सकाळी फोनवर सगळ्यांची नाडी दिसेल आणि कुणी कुणाला 'मग, काय करत होतीस?' असं विचारणार नाही. आकड्याशेजारी दिवस लिहिलेला नसेल तर आकडा मुका असतो. चोवीस तासांच्या त्या तपासणीत यंत्राइतकीच वही महत्त्वाची आहे, आणि वही भरताना घरातलं कुणीतरी जागं असणं महत्त्वाचं आहे.

आईला पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत. पुरुषांच्या खिशातल्या घड्याळाएवढा. बसवण्याआधी तिनं एकच विचारलं, बॅटरी किती वर्षं? आठ-दहा, डॉक्टर म्हणाले. मी तिला स्वीडनच्या आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. पूर्ण शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये त्यांना लावला, तो काही तासच चालला, मग दुसरा लावला, मग पुढं कितीतरी. लार्सन २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. ज्या डॉक्टरांनी तो बसवला आणि ज्या इंजिनिअरनं तो बनवला, ते दोघंही त्यांच्या आधी गेले. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्या बायकूनं लई केलं असंल." तिचं बरोबर होतं. नवऱ्यासाठी यंत्र बनवा म्हणून त्या बाईंनी डॉक्टरांचा आणि इंजिनिअरचा पिच्छा पुरवला होता. हे मी आईला सांगितलेलं नव्हतं.

पेसमेकरची एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही. त्याच्यात हालचाल ओळखणारा एक बारीकसा भाग आहे. आई स्वस्थ बसली असली की तो गप्प असतो. ती उठली, चालू लागली, जिना चढू लागली, की त्याला कळतं आणि तो ठोके हळूहळू वाढवत नेतो, म्हणजे तिला दम पुरावा. ती काम करतेय हे त्याला न सांगता कळतं. तिच्या उभ्या आयुष्यात हे न सांगता ओळखणारा घरातला पहिला तोच. शिवाय तो नोंदही ठेवतो. सहा महिन्यांनी मिरजेला गेलो की डॉक्टर छातीवर एक चकती धरतात आणि आईचे सहा महिने पडद्यावर येतात.

मी ती वही परत देताना शेवटच्या पानाची नक्कल मागून घेतली. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. वर आईचं अक्षर, मधे डॉक्टरांचं, पुन्हा आईचं. तुमच्या घरात कुणाला होल्टर लावायची वेळ आली, तर वही त्यांच्या एकट्याच्या हाती सोपवून झोपू नका. आणि 'काय केलंत' एवढंच विचारून थांबू नका. 'काही नाही' असं उत्तर आलं, तर ते 'काही नाही' किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं, ते विचारा.

पेसमेकर बसवल्यावर आई महिनाभर नाशकात बहिणीकडं होती. तेवढ्यात मी गावी जाऊन अंगणात टाकी बसवून घेतली, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर घेतली, जिन्याच्या कडेनं माडीपर्यंत पाईप नेला आणि वर न्हाणीशेजारी दुसरी टाकी ठेवली. आई त्या घरात एकोणीसशे बहात्तरला लग्न होऊन आली होती. प्लंबरला सगळ्या कामाला दीड दिवस लागला.